डॉ. एव्हॅट : लहान राष्ट्रांचा वकील

ता. २९ नोव्हेंबर १९४७ ह्या दिवसाची ओळख आपल्या समाजातील जुन्या मंडळींना करून द्यावी लागत नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंग मेडो येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव मतास टाकण्यात आला. राष्ट्रांची नावे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने पुकारली जात होती. पहिले नाव अफगाणिस्तानचे. त्याने विरोध केला. दुसरे अर्जेंटिनाचे, ते तटस्थ राहिले. तिसरे नाव ऑस्ट्रेलियाचे आले आणि त्या मतदानातला पहिला होकार ऐकू आला. पुढे भारताची पाळी आली तेव्हा उत्तर नकाराचे मिळाले. शेवटी ३३ मते बाजूने, १३ विरुद्ध व १० तटस्थ अशी मोजणी होऊन ठराव मंजूर झाला.

म्हणजे ज्या देशात आपण जन्मलो व वाढलो त्याने नको म्हटले, आणि ज्या देशात आपण पुढे येऊन संसार थाटला त्याने सर्वांआधी होय म्हटले. एवढ्यावरून कोणी एका देशाला आपला व दुसऱ्याला परका ठरवू लागला तर ते न्यायाचे होणार नाही. भारताने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या निर्भयपणे नांदू दिले. आणि ज्या ऑस्ट्रेलियाने तो होकार दिला, त्याचे दार त्या काळी आपल्यासारख्या हिंदी यहुद्यांना जवळजवळ बंद होते. त्या होकाराशी आणि त्या बंद दाराशीही ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते डॉ. हर्बर्ट व्हीअर एव्हॅट. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. मोठमोठी राष्ट्रे युद्धानंतर जगाची घडी बसवू लागतात तेव्हा ती कोणाच्या सोयीने बसते, आणि लहान राष्ट्रांनी व लहान समाजांनी त्यात काय करावयाचे असते, हे ह्या एका माणसाच्या आयुष्यावरून चांगले समजते.

एव्हॅट यांचा जन्म ता. ३० एप्रिल १८९४ रोजी न्यू साऊथ वेल्समधील ईस्ट मेटलँड ह्या गावी झाला. वडील गावात हॉटेल चालवीत. वडिलांचा जन्म हिंदुस्थानातला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना कौतुकाची वाटेल. हर्बर्ट सात वर्षांचे असतानाच वडील वारले. आई मुलांना घेऊन सिडनीस आली आणि तिने कष्टाने घर चालविले. फोर्ट स्ट्रीट शाळेत आणि नंतर सिडनी विद्यापीठात ह्या मुलाने एकामागून एक बक्षिसे व पदके मिळविली. १९२४ साली कायद्याची डॉक्टरेट मिळाल्यावर लोक त्यांना नुसते डॉक्टर म्हणूनच ओळखू लागले. क्रिकेटचा नादही त्यांना पुष्कळ होता, तो जन्मभर टिकला.

पहिल्या महायुद्धात सैन्यात जाण्याची त्यांची इच्छा होती. परंतु दृष्टी अधू म्हणून त्यांस घेतले नाही. त्यांचे दोन भाऊ, रे आणि फ्रँक, मात्र गेले आणि १९१७ व १९१८ साली रणांगणावर मारले गेले. ज्या घरातून दोन मुलगे परत आले नाहीत, त्या घरातला एक मुलगा पुढे जगाच्या तहाच्या बैठकांत बसणार होता. दूरच्या राजधानीत बसलेले चार लोक निर्णय घेतात आणि त्याची किंमत ईस्ट मेटलँडसारख्या गावातल्या आईला मोजावी लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वकिलीत त्यांचे नाव झाले. मजूर पक्षातर्फे ते १९२५ साली न्यू साऊथ वेल्सच्या विधानसभेत निवडून आले. डिसेंबर १९३० मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाचे न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली. ह्या देशाचे हायकोर्ट म्हणजे येथले सर्वोच्च न्यायालय होय. तेथे इतक्या लहान वयात बसलेला दुसरा न्यायाधीश आजवर झालेला नाही. तेथे दिलेला त्यांचा एक निकाल वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण लेखाच्या शेवटी आम्हांला त्याकडे परत यावयाचे आहे. १९३६ साली विमानवाहतुकीच्या नियमांवरून बर्जेस नावाचा खटला चालला. परराष्ट्रांशी केलेला करार अंमलात आणण्यासाठी मध्यवर्ती पार्लमेंटला कोठवर कायदे करता येतील, असा प्रश्न होता. एव्हॅट यांनी न्यायमूर्ती मॅक्टिअर्नन यांच्यासह असे मत दिले की हा अधिकार पुष्कळ रुंद आहे. जगाशी केलेला करार देशात पाळण्यासाठी पार्लमेंटला कायदा करता आला पाहिजे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर कोर्टातल्या खुर्चीत त्यांचे मन रमेना. जन्मभराची मानाची जागा सोडून १९४० साली ते निवडणुकीस उभे राहिले व सिडनीच्या बार्टन मतदारसंघातून पार्लमेंटमध्ये गेले. ऑक्टोबर १९४१ मध्ये जॉन कर्टिन यांचे मजूर सरकार आले आणि एव्हॅट यांच्याकडे परराष्ट्र खाते व कायदा खाते अशी दोन्ही खाती आली. दोनच महिन्यांनी जपानने युद्ध पुकारले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि डार्विनवर बॉम्ब पडू लागले.

त्या वर्षी एव्हॅट मदत मागण्यास वॉशिंग्टन व लंडन येथे गेले. तेथे त्यांस कळून चुकले की आधी जर्मनीचा पराभव करावयाचा आणि जपानकडे नंतर पाहावयाचे, हे अमेरिका व ब्रिटन यांनी आपसांत केव्हाच ठरवून ठेवले आहे. ज्या ऑस्ट्रेलियाच्या दाराशी शत्रू उभा होता, त्याला कोणी विचारलेही नव्हते. पुढल्या वर्षी पुन्हा तेच झाले. १९४३ च्या अखेरीस कैरो येथे रूझवेल्ट, चर्चिल व चँग कै-शेक यांनी पॅसिफिकमधील जपानी मुलुखाची वाटणी कशी करावयाची ते जाहीर केले. ऑस्ट्रेलियाला त्याचा पत्ता वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कोणाही माणसाप्रमाणे मागाहून लागला. एव्हॅट फार संतापले. जानेवारी १९४४ मध्ये त्यांनी न्यूझीलंडबरोबर कॅनबेरा येथे एक करार केला आणि पॅसिफिकच्या दक्षिण भागातील कोणताही निवाडा आम्हां दोघांना वगळून होता कामा नये असे जगाला कळविले. वॉशिंग्टनला ते रुचले नाही. परंतु एव्हॅट यांचे म्हणणे साधे होते: लढाईत ज्याची माणसे मेली, त्याला तहाच्या पंगतीत पान मांडलेच पाहिजे.

आता आपण सॅन फ्रान्सिस्कोकडे येऊ. ता. २५ एप्रिल १९४५ रोजी तेथे ५० राष्ट्रांची परिषद भरली व दोन महिने चालली. नव्या राष्ट्रसंघाचा कच्चा मसुदा अमेरिका, रशिया, ब्रिटन व चीन यांनी आदल्या वर्षी डंबार्टन ओक्स येथे तयार करून ठेवला होता. सुरक्षा समितीत पाच बड्या राष्ट्रांना कायमची जागा आणि त्यांतील कोणा एकालाही ठराव अडवून धरण्याचा नकाराधिकार, ह्यावर याल्टा येथे शिक्का बसला होता. बाकीच्या राष्ट्रांनी यावे, सह्या कराव्यात व टाळ्या वाजवाव्यात अशी एकंदर अपेक्षा होती.

एव्हॅट टाळ्या वाजविणाऱ्यांतले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या शिष्टमंडळाचे नाममात्र पुढारी उपपंतप्रधान फोर्ड होते. पण काम एव्हॅट यांनी ओढले. रात्र रात्र जागून, कारकुनांना व मदतनिसांना दमवून, एका समितीतून दुसऱ्या समितीत धावत त्यांनी मसुद्यावर दुरुस्त्यांचा पाऊस पाडला. खरी झुंज नकाराधिकारावर झाली. युद्ध रोखण्यास सैन्य पाठवावयाचे असेल तर बड्यांची संमती लागावी, हे त्यांना कबूल होते. पण एखादे भांडण समजुतीने मिटवावयाचे असेल, नुसती मध्यस्थी करावयाची असेल, तेथेही एका बड्या राष्ट्राने नको म्हणून सर्व थांबावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी ही दुरुस्ती मतास लावली. बाजूने १० मते पडली, विरुद्ध २०, आणि १५ राष्ट्रे तटस्थ राहिली. चर्चा चालू असता अमेरिकेचे सिनेटर कॉनली यांनी हातातील मसुद्याचा कागद सर्वांदेखत टराटरा फाडला. नकाराधिकार गेला तर सनदही गेली असे समजा, हा त्याचा अर्थ लहान राष्ट्रांना समजावून सांगावा लागला नाही.

ह्यात कोणा एका राष्ट्राला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. अमेरिकेच्या पुढाऱ्यांना सिनेटची धास्ती होती; पहिल्या महायुद्धानंतर ह्याच सिनेटने अमेरिकेला राष्ट्रसंघात जाऊ दिले नव्हते. रशियाने दोन कोटींहून अधिक माणसे गमावली होती आणि आपल्या सरहद्दीवरील देश पुन्हा शत्रूच्या हाती जाऊ नयेत एवढेच त्याला दिसत होते. ब्रिटनला साम्राज्य व सुवेझचा मार्ग सांभाळावयाचा होता. प्रत्येकाची भीती खरी होती. पण पाच जणांच्या भीतीवर पन्नास जणांचे घर बांधले की त्या घराच्या खिडक्या कोणत्या दिशेला उघडतील ते उघडच आहे.

नकाराधिकारावर हार झाली तरी एव्हॅट रिकाम्या हाताने परतले नाहीत. सनदेच्या कक्षेतील कोणत्याही विषयावर आमसभेला चर्चा करता यावी, ही त्यांची मागणी बऱ्याच अंशी मान्य झाली. पारतंत्र्यातील प्रदेशांविषयी राज्यकर्त्यांवर जबाबदारी टाकणारे प्रकरण घालण्यात त्यांचा मोठा हात होता. आणि सनदेच्या ५५ व्या व ५६ व्या कलमांत सर्वांना काम, राहणीमानात सुधारणा व मानवी हक्क यांसाठी झटण्याची जी प्रतिज्ञा सर्व सभासद राष्ट्रांनी केली, तिच्यासाठी ऑस्ट्रेलियाने विशेष खटपट केली. त्यामागे १९३० सालच्या मंदीची आठवण होती. त्या वेळी परदेशच्या बाजारात लोकर व गहू यांचे भाव कोसळले आणि सिडनी-मेलबर्नमध्ये माणसे कामावाचून रस्त्यावर आली. बड्या देशांनी आपल्या लोकांना काम दिले तरच आमचा माल खपेल, हा हिशेब त्यात होता. हेतू उदात्त होता आणि हिशेबही होता. दोन्ही एकाच गाडीला जुंपलेले असू शकतात, ही गोष्ट एव्हॅट यांच्या बाबतीत सारखी आठवावी लागते.

आता कडू भाग सांगावयाचा. सनदेच्या दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमात असे म्हटले आहे की जी गोष्ट एखाद्या राष्ट्राच्या घरगुती कारभारात मोडते, तीत राष्ट्रसंघाने हात घालू नये. हे पोटकलम शक्य तेवढे बळकट करून घेण्यात एव्हॅट पुढे होते. कारण ऑस्ट्रेलियात १९०१ पासून श्वेत ऑस्ट्रेलियाचे धोरण चालू होते. बाहेरून येणाऱ्या नको असलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत उतारा सांगून लिहावयास लावीत, व तो नापास झाला की परत पाठवीत. भाषा कोणती ते अधिकाऱ्याने ठरवावयाचे. आशियातील माणसाला नापास करण्यासाठीच ही परीक्षा होती. उद्या चीनने किंवा हिंदुस्थानने ही तक्रार जगाच्या वेशीवर टांगू नये, म्हणून एव्हॅट यांनी ते कुंपण घालून घेतले. बड्या राष्ट्रांनी नकाराधिकाराने आपले घर बंद केले. लहान राष्ट्रांच्या वकिलाने ह्या पोटकलमाने आपले.

ह्याचा प्रत्यय लौकरच आला. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायाची तक्रार भारताने आमसभेपुढे मांडली व श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांनी ती मोठ्या तेजस्वीपणे चालविली. दक्षिण आफ्रिकेने बचावासाठी हेच पोटकलम पुढे केले. आमसभेने भारताच्या बाजूने ३२ विरुद्ध १५ मतांनी कौल दिला खरा, पण कुंपण तेथेच राहिले. युरोपातील छळातून वाचलेले यहुदी निर्वासित काही प्रमाणात ऑस्ट्रेलियात येऊ शकले; परंतु यहुदी असून जो आशियातला, त्याला प्रथम आशियाई समजले जाई. आपल्या मंडळींना येथे यावयास पुढे कित्येक वर्षे थांबावे लागले, त्याचे कारण हे होय.

ह्याच एव्हॅट यांची दुसरी बाजू इंडोनेशियाच्या प्रकरणी दिसली. जपान हरल्यावर डच लोक तेथे आपले राज्य पुन्हा बसविण्यास निघाले आणि ब्रिटनने सुरुवातीस त्यांस साहाय्य केले. १९४५ साली सिडनी व इतर बंदरांतील गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला. त्यात आपले हिंदी खलाशीही सामील झाले आणि त्यांनी जहाजे सोडली. जुलै १९४७ मध्ये डचांनी सैन्य चालविले तेव्हा भारत व ऑस्ट्रेलिया ह्या दोन राष्ट्रांनी हे प्रकरण सुरक्षा समितीपुढे नेले. स्वतंत्र होण्यास भारताला अजून पंधरा दिवस होते. पुढे समेटासाठी तीन राष्ट्रांची समिती नेमली गेली, तीत इंडोनेशियाने आपल्या वतीने ऑस्ट्रेलियाला निवडले. डिसेंबर १९४९ मध्ये डचांनी सत्ता सोडली. आपल्या शेजारी अशांतता नको हा ऑस्ट्रेलियाचा स्वार्थ होताच, पण ह्या वेळी स्वार्थ व न्याय एका रस्त्याने चालले.

त्याच वर्षी पॅलेस्टाईनचा प्रश्न एव्हॅट यांच्या हाती आला, आणि तोही काहीसा अपघाताने. आमसभेचे अध्यक्ष होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु १९४७ साली ती जागा ब्राझीलचे अरान्या यांना मिळाली. एव्हॅट यांना पॅलेस्टाईनसाठी नेमलेल्या खास समितीचे अध्यक्षपद देण्यात आले. ह्या समितीपुढे अकरा राष्ट्रांच्या चौकशी मंडळाचा अहवाल होता. त्या मंडळात बड्या राष्ट्रांना मुद्दाम घेतले नव्हते. सात राष्ट्रांनी फाळणीची शिफारस केली होती. भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी एका संघराज्याची. आणि ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी कोणत्याच बाजूस गेला नव्हता.

बड्या राष्ट्रांची स्थिती त्या वेळी चमत्कारिक होती. ब्रिटनला अरब देशांची मैत्री, तेल व सुवेझ यांची काळजी होती, आणि जो तोडगा दोन्ही पक्षांना मान्य नाही तो अंमलात आणण्यास ते तयार नव्हते. रशियाला ब्रिटन तेथून निघालेले हवे होते. अमेरिकेत लोकमत यहुद्यांच्या बाजूला, तर परराष्ट्र खाते अरबांच्या तेलाकडे पाहणारे. एरवी सर्व गोष्टींत भांडणारे अमेरिका व रशिया ह्या एका प्रश्नावर थोडा काळ एका बाजूला आले. अशी वेळ फार टिकत नसते. एव्हॅट यांनी ती ओळखली. त्यांनी दोन उपसमित्या केल्या. एकीत फाळणीला अनुकूल राष्ट्रे, दुसरीत विरोधी. अनुकूल राष्ट्रांना आपली योजना बिनअडथळा तपशीलवार रचता आली. दुसऱ्या उपसमितीत तटस्थ राष्ट्रे घालावीत, म्हणजे मध्यम मार्ग निघेल, अशी सूचना आली होती. एव्हॅट यांनी ती मानली नाही आणि कोलंबियाच्या प्रतिनिधीने त्या उपसमितीचे अध्यक्षपद सोडले. त्यांची जागा पाकिस्तानच्या झाफरुल्ला खान यांनी घेतली. अरब पक्षाने ह्याबद्दल एव्हॅट यांस दोष दिला, आणि त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे आम्हांला म्हणवत नाही. पॅलेस्टाईनच्या अरबांच्या दृष्टीने तो निर्णय त्यांच्या संमतीवाचून दूरच्या सभागृहात झाला, हे आपण यहुद्यांनीही प्रामाणिकपणे कबूल करावे. कैरोच्या बैठकीवर एव्हॅट यांचीही हीच तक्रार होती.

ता. २५ नोव्हेंबर रोजी समितीत २५ विरुद्ध १३ मते पडली. समितीत साधे बहुमत पुरेसे होते. आमसभेत दोन तृतीयांश लागणार होते, आणि त्याला हे आकडे एका मताने अपुरे होते. पुढील चार दिवसांत काय काय झाले ते प्रसिद्ध आहे. हैती, लायबेरिया व फिलिपाईन्स यांच्यावर अमेरिकेतून दडपण आले आणि तिघांनीही शेवटी होकार दिला. जी गोष्ट आपल्याला न्यायाची वाटते तीसुद्धा बड्यांच्या हातानेच पार पडली. मार्च १९४८ मध्ये तीच अमेरिका डगमगली आणि फाळणी बाजूस ठेवून तात्पुरती विश्वस्त व्यवस्था आणावी असे सुचवू लागली. एकदा झालेला निर्णय बड्यांच्या लहरीने फिरविता येणार नाही, अशी एव्हॅट यांची भूमिका राहिली. दोन महिन्यांत, ता. १४ मे १९४८ रोजी, इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली.

सप्टेंबर १९४८ मध्ये एव्हॅट यांची इच्छा पुरी होऊन ते आमसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अध्यक्षतेखाली ता. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्यातील पहिल्या कलमात सर्व पुरुष असे भाषांतर होऊ शकणारे शब्द होते. ते बदलून सर्व माणसे असे शब्द घालण्याचे श्रेय मुंबईच्या हंसाबेन मेहता यांस जाते, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. ता. ११ मे १९४९ रोजी इस्राएल राष्ट्रसंघाचे सभासद झाले. ३७ बाजूने, १२ विरुद्ध, ९ तटस्थ. तेव्हाही अध्यक्षाच्या खुर्चीत एव्हॅट होते. भारताने ह्या वेळीही विरुद्ध मत दिले, मात्र ता. १७ सप्टेंबर १९५० रोजी त्याने इस्राएलला मान्यता दिली. दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध जुळावयास १९९२ साल उजाडले.

ह्यापुढचा भाग उताराचा आहे. डिसेंबर १९४९ मध्ये मजूर सरकार हरले. १९५१ साली चिफली वारल्यावर एव्हॅट पक्षाचे पुढारी झाले. त्याआधी, १९५० साली, सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालण्याचे ठरविले होते. एव्हॅट कम्युनिस्ट नव्हते; पण केवळ मतासाठी माणसाला गुन्हेगार ठरवू नये म्हणून ते गोदी कामगारांच्या संघातर्फे हायकोर्टात उभे राहिले व कायदा रद्द झाला. मग सरकारने सार्वमत घेतले. एव्हॅट गावोगाव फिरले आणि निसटत्या बहुमताने बंदी हाणून पाडली. आयुष्यातील ही त्यांची शेवटची मोठी जीत. १९५४ साली रशियन वकिलातीतील पेट्रोव्ह याने पळून येऊन ऑस्ट्रेलियात आश्रय घेतला. हेरगिरीचा गाजावाजा झाला आणि मजूर पक्षाला मते अधिक पडूनही निवडणूक हातची गेली. मुळात संशयी असलेला त्यांचा स्वभाव आता अधिकच बिघडला. आपण रशियाच्या मोलोटोव्हला पत्र लिहून खुलासा मागविला आहे, असे त्यांनी १९५५ साली भर पार्लमेंटमध्ये सांगितले तेव्हा सभागृह हसत सुटले. पक्ष फुटला. १९६० मध्ये त्यांनी राजकारण सोडले व न्यू साऊथ वेल्सचे मुख्य न्यायाधीशपद घेतले. परंतु बुद्धी साथ देईनाशी झाली होती. ता. २ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅनबेरा येथे त्यांचे निधन झाले. तेथल्या एका उपनगरास आज त्यांचे नाव आहे.

आता त्या बंद दाराकडे परत येऊ. १९६६ साली ते किलकिले झाले आणि १९७३ साली व्हिटलम सरकारने वर्णभेदाचे धोरण संपुष्टात आणले. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, वंशभेदास बंदी करणारा कायदा आला. जगातील राष्ट्रांनी केलेला करार पाळण्यासाठी म्हणून तो पार्लमेंटने केला होता. असा कायदा करण्याचा अधिकार आहे काय, हा वाद हायकोर्टात गेला आणि १९८२ साली कूवार्टा खटल्यात कोर्टाने कायदा उचलून धरला. एव्हॅट यांनी १९३६ साली जी रुंद वाट दाखविली होती, त्याच वाटेने हा विचार पुढे गेला होता. ज्यांनी कुंपण घातले, त्यांनीच त्याची किल्ली नऊ वर्षे आधी घडवून ठेवली होती; त्यांना ते बहुधा माहीत नसावे.

आम्हांला ह्या चरित्राचा बोध असा वाटतो. राष्ट्रे स्वार्थ सोडून वागत नाहीत. बडी नाहीत, लहानही नाहीत, आणि आपल्यावर उपकार करणारीही नाहीत. युद्धानंतर जेव्हा जगाची नवी घडी बसते तेव्हा तर नाहीतच. लहान समाजाने एखाद्या बलाढ्याच्या प्रेमावर विसंबून राहू नये. स्वार्थांची वाट क्षणभर न्यायाच्या वाटेला मिळते, तेवढ्यात न्यायाची गोष्ट नियम म्हणून कागदावर उतरवून घ्यावी. स्वार्थ बदलतो, सरकारे जातात, माणसे वेडीही होतात. लिहिलेला नियम मात्र मागे राहतो, आणि कधी कधी तो लिहिणाऱ्याच्या मनात नव्हते अशा माणसांच्याही उपयोगी पडतो. आपण त्याच माणसांपैकी आहोत. तेव्हा डॉ. एव्हॅट यांचे ऋण मानताना हातचे काही राखून ठेवण्याचे कारण नाही, आणि त्यांचे कुंपण विसरण्याचेही नाही.